लिंक नको, तिकीट काढा

मंडळी, दोन वर्षांपूर्वी मी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "आपला सिनेमा पूर्ण झाला!" पाच मिनिटांत चाळीस अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले आणि त्यांच्यामागोमाग पहिला प्रश्न आला : "अभिनंदन! लिंक पाठव ना."

तीन वर्षांची धावपळ, ७२,००० डॉलर, घरातले रुसवेफुगवे, आणि त्या सगळ्याची एक लिंक. फुकट. रविवारी जेवण झाल्यावर डुलकी काढता काढता बघायला. मला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण नंतर वाटलं, विचारणाऱ्याचीही फारशी चूक नाही. इथे राहून कुणी सिनेमा करतं म्हणजे नेमकं काय करतं, हे आपण एकमेकांना कधी सांगितलेलंच नाही. म्हणून हा लेख. माझ्या सिनेमाचं नाव मी यात मुद्दाम देत नाही, कारण ही जाहिरात नव्हे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट इथल्याच माणसांनी, इथल्याच बोलीत सांगायला हवी. ती सांगणाऱ्याचा पहिला सिनेमा थोडाफार कच्चा असणार. आणि त्या कच्च्या सिनेमाचा पहिला प्रेक्षक आपण व्हायला हवं, तेही पैसे मोजून.

घरात आहे तेवढ्यात

पहिला सिनेमा म्हटलं की लोकांना आधी पैसा आठवतो. मला आधी दुकान आठवतं. आपल्याच मॉनमथ काउंटीत लिओनार्डो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या 'क्विक स्टॉप' या दुकानात केविन स्मिथ नावाचा एक तरुण गल्ल्यावर काम करायचा. त्यानं त्याच दुकानाची गोष्ट लिहिली, क्रेडिट कार्डं वापरून आणि आपला कॉमिक्सचा संग्रह विकून पैसे उभे केले, आणि दिवसा नोकरी, रात्री शूटिंग असं करत 'क्लर्क्स' हा कृष्णधवल सिनेमा पुरा केला. खर्च २७,५७५ डॉलर. शूटिंग रात्री आणि गोष्ट घडते दिवसा, मग खिडकीबाहेरचा अंधार कसा लपवायचा? त्यानं गोष्टीतच घातलं की कुणीतरी कुलपांत च्युइंगम कोंबलाय, त्यामुळे दुकानाचं शटर उघडत नाही. १९९४ साली तो सिनेमा सनडान्स महोत्सवात गेला आणि पुढचं सर्वांना माहीत आहे.

यातली शटरची युक्ती मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली होती. अडचण लपवू नका, तिचीच गोष्ट करा. माझ्याकडे काय होतं? एडिसनमधलं एका मैत्रिणीचं विकायला काढलेलं घर, त्याचं सामानानं भरलेलं बेसमेंट, आणि मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं काम केलेले एक निवृत्त इंजिनियर काका. तेव्हा गोष्ट ठरली : पत्नी गेलेली, घर विकायचंय, आणि मुलगी चार दिवसांसाठी आली आहे ती बेसमेंट आवरायला. पितळी डबे, बंद पडलेली मिक्सरची भांडी, मुलीच्या दुसरीतल्या वह्या, १९८०च्या दशकातल्या कॅसेट्स. हे सामान आम्ही कुठून आणलं नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये आहेच.

नव्यानं सिनेमा करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं हेच. पुण्याच्या वाड्याची किंवा न्यूयॉर्कच्या गुंडांची गोष्ट लिहू नका. ज्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात आहे, त्या खोलीची लिहा.

पैसे जातात कुठे

"घरच्या घरी केलात ना, मग एवढा खर्च कसा?" हा दुसरा प्रश्न. म्हणून हिशेब मांडते. कलाकार आणि तंत्रज्ञांचं मानधन २७,००० डॉलर. संकलन, रंगसंस्कार आणि ध्वनिमिश्रण १६,०००. कॅमेरा आणि दिव्यांचं भाडं ९,०००. विमा, परवाने आणि वकील ७,५००. जेवणखाण ६,५००. महोत्सवांच्या प्रवेश फिया, थिएटरसाठी लागणारी डिजिटल प्रत आणि किरकोळ ६,०००. चित्रीकरणाचे दिवस अठरा, तेही लाँग वीकएंड आणि ऑगस्टमधल्या रजेत वाटलेले.

यात वाचवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो तो आवाजावर, आणि तिथेच पहिले सिनेमे बुडतात. चित्र थोडं अंधारं असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही की तो उठून जातो. आपल्या घरांत फ्रिज गुणगुणतो, एसी घुरघुरतो, डोक्यावरून नेवार्कला उतरणारी विमानं जातात. प्रत्येक प्रसंगाआधी आमचा ध्वनिमुद्रक फ्रिज बंद करायचा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे घरी जाताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागेल आणि तो चालू करायची आठवण होईल. या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. एके दिवशी तो दुसऱ्याच्या गाडीतून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीच्या फ्रिजमधलं पाडव्यासाठी केलेलं सगळं श्रीखंड आंबून गेलं होतं. मैत्री टिकली, पण तिनं ते अजून विसरलेलं नाही.

दुसरा खड्डा गाण्यांचा. बेसमेंट आवरताना मुलगी आईची आवडती कॅसेट लावते आणि जुनं भावगीत सुरू होतं, असा प्रसंग मी डोळे पुसत लिहिला होता. मग वकिलांनी समजावलं की परवानग्या दोन लागतात. गीत आणि चाल ज्यांच्या मालकीची त्यांची एक, आणि ते ध्वनिमुद्रण ज्यांच्या मालकीचं त्यांची दुसरी. मी पत्रं लिहिली, मेल लिहिले, आठ महिने वाट पाहिली. उत्तर आलं नाही. शेवटी आईचं काम करणाऱ्या बाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी कॅसेटवर म्हटली. ओवीला मालक नाही. सिनेमातला सगळ्यांत चांगला प्रसंग तोच झाला. पण गाण्याची परवानगी न घेता सिनेमा पूर्ण केला असता तर तो कुठल्याही वितरकाला दाखवता आला नसता, हे विसरू नका.

"आपलीच तर माणसं आहेत"

आता थोडं कडू. आपल्याकडे मंडळाचं नाटक बसतं ते प्रेमावर. पडदा ओढणारा, चहा करणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, कुणी पैसे मागत नाही. तीच सवय मी सिनेमात आणली होती. "आपलीच तर माणसं आहेत, कशाला कागदपत्रं?" वकिलांनी पहिल्या भेटीत माझे कान उपटले.

सिनेमा नफ्यासाठी काढलेल्या कंपनीचा असेल, तर तिथे फुकट राबणाऱ्याला कायदा स्वयंसेवक मानत नाही. किमान वेतन द्यावं लागतं. घराचा नेहमीचा विमा शूटिंगमध्ये झालेल्या अपघाताला कामाला येईल असं धरून चालू नका, वेगळा विमा काढा. गावाची परवानगी घ्यायला गेलात की बहुतेक ठिकाणी आधी त्याच विम्याचा कागद मागतात, आणि प्रत्येक टाउनशिपचे नियम वेगळे. लहान मूल असेल तर त्याच्या कामाचे तास आणि परवाना वेगळा. व्यावसायिक नट हवा असेल तर त्यांच्या संघटनेचा, म्हणजे सॅग-आफ्ट्राचा, छोट्या सिनेमांसाठी करार आहे. ३,००,००० डॉलरच्या आत खर्च असेल तर तो लागू होतो. आणि आपल्यापैकी अनेकांना लागू होणारी गोष्ट : एच-वन-बीवर असलेल्या माणसाला वेगळी परवानगी घेतल्याशिवाय आपल्या प्रायोजक कंपनीखेरीज दुसरीकडे काम करता येत नाही, एच-फोरवर असलेल्याला वर्क परमिट नसेल तर मुळीच नाही. "शनिवार-रविवारच तर आहे" हे उत्तर इमिग्रेशनला चालत नाही. हौसेपायी कुणाचं ग्रीन कार्ड अडकलं तर त्याची भरपाई कुठलाही पुरस्कार करणार नाही. आधी वकिलाला विचारा.

या कागदांचा उपयोग मला सहाव्याच दिवशी कळला. बाप-लेकीच्या भांडणाचा प्रसंग होता. काकांनी असा आवाज लावला की शेजारच्या बाईंनी घाबरून पोलिसांना फोन केला. दारात दोन पोलीस. परवाना दाखवला, कॅमेरा दाखवला. त्यातल्या एकानं पुढचा टेक उभं राहून पाहिला आणि जाताना काकांना म्हणाला, "मला खरंच वाटलं." काकांना मिळालेलं ते पहिलं परीक्षण.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपण सगळे सांगतो. १९१२ साली ते सिनेमा शिकायला विमा गहाण ठेवून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या, शिवाय फिल्मला भोकं पाडण्यासारखी तांत्रिक कामंही शिकल्या होत्या. आपण याला त्याग म्हणतो आणि पुढे जातो. मला त्यात एक इशारा दिसतो. घरच्यांच्या कष्टावर उभा राहिलेला सिनेमा घरच्यांचं ऋण मानणारा हवा. आमच्याकडे अठरा दिवस डबे देणाऱ्या दोन काकूंना आम्ही पैसे दिले आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत कॅमेरामनच्या नावाएवढ्याच अक्षरांत घातली. पडद्यावर ती नावं आली तेव्हा एक काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, स्वतःसाठीच.

पैसे गोळा करतानाही हीच शिस्त हवी. १९७६ साली श्याम बेनेगलांचा 'मंथन' गुजरातेतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. ते ऐकून मलाही वाटलं, मंडळाच्या गटावर लिहावं, "माझ्या सिनेमात पैसे गुंतवा, फायद्यात वाटा देईन." वकिलांनी पुन्हा कान धरला. अशी जाहीर हाक म्हणजे अमेरिकन कायद्यानं गुंतवणुकीची विक्री ठरू शकते, आणि तिला नियम आहेत. सामान्य माणसाला छोटी रक्कम गुंतवता यावी म्हणून २०१६ पासून नोंदणीकृत संकेतस्थळांचा मार्ग खुला आहे, पण त्याचीही कागदपत्रं असतात. मी सोपा रस्ता घेतला आणि किकस्टार्टरवर १५,००० डॉलरचं लक्ष्य ठेवलं. तिथे लक्ष्य पुरं झालं नाही तर एक डॉलरही मिळत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही ११,८०० वर होतो, रात्री बाराला १६,२५० वर. देणारे २०३ जण. त्यात आपल्या मंडळातले ३८. बाकी माझ्या ऑफिसातले, शेजारीपाजारी आणि मुलीच्या कॉलेजातली मित्रमंडळी. उरलेले पैसे स्वयंपाकघर नव्यानं करायला साठवलेले होते. त्यामुळे आमच्या ओट्याचा फॉर्मायका अजून १९९४ सालचाच आहे.

'ळ'ची गोष्ट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

मुलीचं काम केलं ते एडिसनमध्येच जन्मलेल्या, पेशानं नर्स असलेल्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीनं. सिनेमातली तिची भाषा तिचीच आहे. अर्धं वाक्य मराठी, अर्धं इंग्रजी, चिडली की सगळं इंग्रजी, आणि रडताना परत मराठी. आपल्या घरांत असंच बोलतात की नाही? शेवटाकडे ती बापाला म्हणते, "बाबा, मला कळतं सगळं. बोलता येत नाही." ती 'कळतं' म्हणते ते 'कलतं' असं ऐकू येतं.

आपल्याच एका कार्यक्रमात सिनेमा दाखवला. हे वाक्य आलं आणि सभागृहात हशा पिकला. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही, हे मला माहीत आहे. पण ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. नंतर मला म्हणाली, "काकू, दॅट वॉज द वन लाइन आय प्रॅक्टिस्ड द मोस्ट." चर्चेत एका गृहस्थांनी विचारलं, "उच्चार शुद्ध असलेली मुलगी मिळाली नाही का?"

मी काही बोलायच्या आत काका उभे राहिले. म्हणाले, "मी इथे १९८६ साली आलो. ऑफिसात एका मीटिंगमध्ये माझ्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ला लोक हसले. तेही वाईट हेतूनं नाही. त्यानंतर वर्षभर मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही." एवढंच बोलले आणि खाली बसले.

मंडळी, आपण मुलांना मराठी शाळेत घालतो, गणपतीत श्लोक म्हणायला लावतो, आणि ती मोठी होऊन स्वतःच्या मराठीत स्वतःची गोष्ट सांगायला लागली की आपल्याला तिचा 'ळ' ऐकू येतो, गोष्ट ऐकू येत नाही. शुद्ध मराठीतले उत्तम सिनेमे भारतात होतात, आणि आपण ते बघतोही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या पहिल्याच सिनेमाला २०२५ साली सनडान्समध्ये जागतिक विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. युटाच्या बर्फात बसून लोकांनी मराठी सिनेमा इंग्रजी उपशीर्षकांवर पाहिला. भाषा आड आली नाही. पण 'कलतं' म्हणणारी मुलगी त्या सिनेमात असणार नाही. ती एडिसनच्याच सिनेमात असणार.

आणि ही कुचंबणा आपल्या एकट्याची नाही. ली आयझॅक चंग या अमेरिकेत जन्मलेल्या दिग्दर्शकानं आपल्या कोरियन आईबापांच्या अर्कान्सातल्या शेतावरची गोष्ट 'मिनारी'त सांगितली. सिनेमा अमेरिकन, चित्रीकरण अमेरिकेत. पण संवाद बहुतांशी कोरियन, म्हणून २०२१च्या गोल्डन ग्लोबमध्ये नियमानुसार तो परभाषिक विभागात गेला, आणि जिंकला. पुढे त्यातल्या आजीला, यून यो-जंग यांना, ऑस्कर मिळालं. संवादांची टक्केवारी मोजायला बाहेर माणसं बसलेलीच आहेत. घरात तरी आपण ती मोजू नये.

मग करायचं काय

माझ्या मताविरुद्ध एक रास्त मुद्दा आहे, आणि तो कार्यकारिणीतल्या एका मित्रानं मला तोंडावर सांगितला. "मंडळाचे पैसे सभासदांचे. भारतातून नाटक आणलं तर सभागृह भरतं. तुमच्या हौशी सिनेमासाठी भाडं भरायचं आणि रिकाम्या खुर्च्या बघायच्या?" त्यांचं म्हणणं चूक नाही. आणि करणाऱ्यांनीही हे मान्य करायला हवं की इथला प्रत्येक सिनेमा चांगला नसतो. माझा तेवीस महोत्सवांत पाठवला, तिघांनी घेतला. ७२,००० पैकी आजवर ११,४०० परत आले. त्याची मधली वीस मिनिटं रेंगाळतात, हे मला आता दिसतं. दुसरा केला तर ती चूक करणार नाही.

पण पहिला पाहिलाच गेला नाही तर दुसरा होत नाही. म्हणून मी देणगी मागत नाही. वर्षातली एक दुपार मागते. दिवाळी किंवा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमांखेरीज एक दिवस, उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसानं केलेला एक सिनेमा किंवा चार लघुपट. तिकीट दहा-बारा डॉलर. भारतातल्या नाटकाला चाळीस-पन्नास आपण आनंदानं देतोच. उत्पन्नाचा ठरलेला वाटा करणाऱ्याला. नंतर अर्धा तास चर्चा, आणि त्यात कडक बोला. पटकथा ढिली असेल तर म्हणा, अभिनय खोटा वाटला तर म्हणा. फक्त 'ळ' सोडून द्या.

आणि घरी, तुमची मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना म्हणाली की मला सिनेमा करायचाय, तर लगेच पोट भरण्याचं काढू नका. तिला विचारा, गोष्ट कोणाची आहे? विमा काढलास का? कोणाचे पैसे, काय सांगून घेतेयस? हे प्रश्न विचारणारे आईवडील नकार देणाऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगी. जमलं तर तिला तुमचं बेसमेंट द्या. फ्रिजमधलं श्रीखंड मात्र आधी शेजारी नेऊन ठेवा.

हा लेख जर तुम्हाला आई किंवा बाबा वाचून दाखवत असतील, तर हे तुमच्यासाठी : तुमची मराठी पुरेशी आहे. गोष्ट लिहायला घ्या, आणि अडलात तर इंग्रजीत पुढे जा. घरी तुम्ही तेच करता.

काका मागच्या मार्चमध्ये सगळं आवरून पुण्याला परत गेले. त्यांचं इथलं घर विकलं गेलं. जायच्या आधी त्यांचं बेसमेंट आवरायला त्यांची खरी मुलगी आली होती, आणि तिच्या मदतीला ती सिनेमातली मुलगीही गेली होती. काकांनी फोनवर सांगितलं, "दोघी मिळून मला ओरडत होत्या, आणि दोघींचंही मला कळत होतं."

ती नर्स मुलगी सध्या स्वतः एक सिनेमा लिहिते आहे. रात्रपाळीतल्या नर्सेसचा, अर्धा मराठी. झाला की मी गटावर कळवीन.

लिंक मागू नका. तिकीट काढा.